धुण्याचा कोपरा



आज मला धुण्याविषयी बोलायचे आहे, असे मी घरी सांगितले तेव्हा पहिली हसली ती माझी पत्नी. "तुम्ही? धुण्यावर? आणि तेही रेडिओवर?" असे ती म्हणाली. तिचे हसणे रास्त होते. महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवतो. साधनांची टंचाई, श्रमांची बचत, काटकसरीचा वापर हे शब्द फळ्यावर किती वेळा लिहिले असतील याची गणती नाही. परंतु माझ्याच घरात रोजचे धुणे कोठे होते, कसे होते आणि त्याला पाणी किती लागते, हे दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी कधी पाहिले नव्हते.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ती आमच्या न्हाणीत साबणाच्या पाण्यावरून घसरली. मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये. मग धुणे कोणाकडे? आले माझ्याकडे! मास्तर माणूस, पहिल्याच दिवशी मोजदाद करायला बसलो. पाण्याचे टिपाड अंगणात दाराशी, न्हाणी घराच्या मागच्या अंगाला, साबण स्वयंपाकघराच्या फडताळात आणि वाळवणाची दोरी माडीवर. एका दिवसाच्या धुण्यासाठी मी अकरा खेपा घातल्या आणि बेचाळीस वेळा कमरेत वाकलो. संध्याकाळी पाठ धरली. "हे तू रोज करतेस?" असे मी विचारले. ती म्हणाली, "वीस वर्षं झाली. तुम्ही आज मोजलंत एवढंच."

मंडळी, त्या दिवशी माझ्या ध्यानात आले की, धुण्याचे कष्ट निम्मे कपड्यांचे असतात आणि निम्मे जागेच्या अव्यवस्थेचे. कपडे तर मळणारच. पण जागेची अव्यवस्था माणसाने केलेली असते, तेव्हा ती माणसाला मोडताही येते. चार-पाच हातांचा एक कोपरा नीट लावला, तर पाणी वाचते, पाठ वाचते आणि घरातले आजारही कमी होतात. तो कसा लावावा, तेवढेच आज सांगतो.

आपला बीड जिल्हा बालाघाटाच्या डोंगररांगांवरचा आणि पायथ्याचा. पाण्याची किंमत आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही. 1972 चा दुष्काळ थोरांनी पाहिला. 2016 साली शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण सर्वांनी पाहिले. बीड शहराजवळ सोळाव्या शतकातली खजाना विहीर आहे. निजामशाहीत सलाबतखानाने ती बांधविली. तिचे पाणी कोणी डोक्यावर वाहून नेत नाही आणि मोटही लावावी लागत नाही. जमिनीखालच्या पाटाला बेताचा उतार दिलेला आहे, त्या उताराने पाणी आपल्या पायांनी शेताला जाते. मला त्या विहिरीपासून एक धडा मिळाला. पाण्याला उतार दिला की त्याचे ओझे माणसाच्या कमरेवर पडत नाही. जे शेताला लागू, तेच न्हाणीलाही लागू.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

पहिली गोष्ट जागेची. लांबीला पाच-सहा फूट आणि रुंदीला तीन-चार फूट एवढी जागा पुरे. ती परसात असो, अंगणाच्या कडेला असो, नाहीतर न्हाणीतच असो. खाली शहाबादी फरशी उलट्या, खडबडीत बाजूने बसवावी. गुळगुळीत बाजू वर केली म्हणजे आमच्या घरी झाले ते होते! फरशीला फुटामागे पाव इंच उतार द्यावा. यापेक्षा कमी दिला तर पाणी साचते आणि शेवाळ धरते.

दुसरी गोष्ट क्रमाची. धुण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. मळके कपडे निवडणे, भिजवणे, घासणे, खळबळणे, पिळणे आणि वाळत घालणे. जागेची मांडणीही याच क्रमाने, एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे असावी. एका टोकाला मळक्या कपड्यांची टोपली, मग भिजवण्याची बादली, मग घासण्याचा दगड, मग खळबळण्याच्या बादल्या आणि दुसऱ्या टोकाला पिळे ठेवायला स्वच्छ टोपले. भिंतीत हाताच्या उंचीवर एक कोनाडा, त्यात साबण, सोडा, ब्रश, नीळ. लहान मुलांचा हात तेथे पोचणार नाही एवढी उंची मात्र हवी. मळके आणि धुतलेले एकमेकांना भेटता कामा नये, एवढे सूत्र ध्यानात ठेवले तरी मांडणी आपोआप सुचते.

तिसरी गोष्ट उंचीची, आणि माझ्या मते ही सर्वांत मोलाची आहे. आपल्याकडे धुण्याचा दगड जमिनीवर. बाईमाणूस उकिडवी बसते किंवा कमरेत वाकून उभी राहते. तरुणपणी चालते, पण चाळिशीनंतर गुडघे आणि पाठ हिशेब मागतात. तो दगड उचलून ओट्यावर बसवा. ओट्याची उंची किती? उभे राहून हात कोपरात दुमडा. कोपरापासून वीतभर खाली जी उंची येईल ती. साधारण अडीच फूट. मात्र माप धुणाऱ्याचे घ्या, गवंड्याचे घेऊ नका. ज्यांना बसूनच धुण्याची सवय आहे त्यांनी फूटभर उंचीचे स्टूल घ्यावे आणि दगड गुडघ्याएवढ्या उंचीवर आणावा. खळबळण्याच्या बादल्याही ओट्यावरच ठेवाव्यात. जमिनीवरची भरली बादली उचलताना पाठीला जो हिसका बसतो तो टळतो.

पाण्याचे टिपाड या कोपऱ्याजवळ आणा. पाइपने किंवा मोटारीने भरता येत असेल, तर त्याला तीन फुटांचा भक्कम कट्टा करा, तळाशी तोटी बसवा आणि तोटीखाली बादली राहील अशी दीड फुटाची पायरी ठेवा. खजाना विहिरीची युक्ती ती हीच. पण ज्या घरी पाणी डोक्यावरून येते, त्यांनी उंच टिपाडाच्या नादी लागू नये. घागर डोक्याच्या वर उचलून ओतणे म्हणजे एका ठिकाणचे कष्ट काढून दुसऱ्या ठिकाणी घालणे. त्यांनी लहान पिंपाला तोटी लावावी आणि ते सहज भरता येईल अशा बेताने ठेवावे.

आता पाण्याचा हिशेब. शिक्षक मित्रांनी येथे जरा कान द्यावा, कारण हा हिशेब वर्गात सांगण्यासारखा आहे. जलजीवन मिशन 2019 साली सुरू झाले. त्यात ग्रामीण भागात माणशी दररोज 55 लिटर पाण्याचे माप धरलेले आहे. पाच माणसांच्या घराला झाले 275 लिटर. त्यात पिणे, स्वयंपाक, आंघोळ, भांडी, संडास आणि धुणे सगळे बसवायचे. मग धुण्याला थोड्या पाण्यात अधिक स्वच्छता कशी साधायची?

समजा, साबण लावून पिळलेल्या कपड्यांत 2 लिटर साबणाचे पाणी राहिले आहे आणि आपल्याजवळ खळबळायला 18 लिटर पाणी आहे. ते सगळे एकदम ओतले तर एकूण 20 लिटर होते. पिळल्यावर पुन्हा 2 लिटर कपड्यांत राहते, म्हणजे साबणाचा दहावा हिस्सा उरतो. आता तेच 18 लिटर तीन वेळा सहा-सहा लिटर करून वापरा, आणि दर वेळी पिळा. पहिल्यांदा 2 आणि 6 मिळून 8 लिटर, त्यातले 2 उरले, म्हणजे चौथा हिस्सा. दुसऱ्या वेळी चौथ्याचा चौथा, म्हणजे सोळावा. तिसऱ्या वेळी चौसष्टावा! पाणी तेवढेच. पण एकदम ओतले तर दहावा हिस्सा मळ उरतो, आणि तीन वाटे केले तर चौसष्टावा.

गुरुजींनी हा प्रयोग निळ्या शाईने करून दाखवावा. दोन पेल्यांत दोन-दोन चमचे शाईचे पाणी घ्या. एकात अठरा चमचे पाणी एकदम घाला आणि दोन चमचे ठेवून बाकीचे ओता. दुसऱ्यात सहा-सहा चमचे तीनदा घाला, दर वेळी दोन चमचे ठेवून ओता. शेवटी दोन्ही पेले शेजारी ठेवले की अपूर्णांकांचा गुणाकार मुलांना डोळ्यांनी दिसतो. मुले घरी जाऊन आईला सांगतात, हा वरचा लाभ.

तिसऱ्या खळबळीचे पाणी जवळजवळ स्वच्छ असते. ते फेकू नका. झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशीचे कपडे त्यात भिजवा. भिजवण्याचे आणि पहिल्या खळबळीचे पाणी संडासाला वापरा. कपड्यांचा क्रमही पाहा. आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी मातीचे आणि पायपुसणी. आमच्या घरी धुण्याला सात-आठ बादल्या लागत, आता चार पुरतात.

पुष्कळांची तक्रार असते की, साबण कितीही घासला तरी फेसच येत नाही. हा दोष साबणाचा नव्हे, पाण्याचा. खोल बोअरच्या पाण्यात खडकातले चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणतात. साबण आधी त्या क्षारांशी लढतो, त्याचा चिकट साका होतो, तो कपड्यावर बसून कपडा करडा दिसतो. यावर उपाय सोपा आहे. बादलीभर पाण्यात चमचा-दोन चमचे धुण्याचा सोडा आधी विरघळवा, दहा-पंधरा मिनिटे थांबा, मग साबण घ्या. क्षार खाली बसतात आणि साबण कमी लागतो. लोकरी आणि रेशमी कपड्यांना मात्र सोडा लावू नये. धुण्याच्या पावडरी जड पाण्यातही चालतात, परंतु मूठमूठ टाकून फेस फार झाला तर तो काढायलाच दोन बादल्या जातात. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे! आपल्याकडे रिठा आहेच. भरजरी लुगडे आणि लोकर यांना आजही त्याच्यासारखे सौम्य साधन नाही.

हल्ली अनेक घरी धुण्याचे यंत्र आले आहे. चांगलेच आहे. त्यालाही हाच कोपरा द्यावा, त्याचे सांडपाणी याच उताराने जाऊ द्यावे, आणि भूसंपर्क, म्हणजे अर्थिंग, नीट असल्याची खात्री जाणकार वायरमनकडून करून घ्यावी. ओल्या हाताने आणि अनवाणी पायाने बटणाला हात लावू नये.

विजेचा विषय निघाला, म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. कपडे वाळत घालायला लोखंडी तार बांधू नका. ती तार विजेच्या खांबाला, सर्व्हिस वायरच्या जवळ, किंवा पत्र्याच्या शेडला बांधली जाते. एखाद्या दिवशी वायरचे वेष्टण झिजते, पाऊस पडतो, तारेत वीज उतरते. ओला कपडा हातात घेऊन बाई तारेला हात लावते आणि चिकटते. तिला सोडवायला धावलेला मुलगाही चिकटतो. अशा बातम्या पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येतात आणि आपण हळहळून पान उलटतो. सुताची किंवा नायलॉनची दोरी वापरा. आजच घरी जाऊन पाहा. तार असेल तर तोडा. या भाषणातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल, एवढे विसरू नका.

दोरी कोठे बांधावी? जेथे ऊन आणि वारा दोन्ही लागतात तेथे, पण पिळ्यांच्या टोपल्यापासून दहा पावलांच्या आत. पांढरे कपडे उन्हात, रंगीत कपडे उलटे करून सावलीत. ऊन हे नुसते वाळवीत नाही, ते जंतूही मारते. पावसाळ्यासाठी पडवीत दुसरी दोरी ठेवा. कपड्यांत चार बोटे अंतर सोडा, म्हणजे वारा खेळेल आणि कुबट वास धरणार नाही. ज्या मुलाला एकच गणवेश आहे त्याच्यासाठी ही पडवीतली दोरी फार महत्त्वाची. ओला गणवेश घालून वर्गात कुडकुडणारे मूल दिसले तर गुरुजींनी रागावण्याआधी त्याच्या घरी दोरी कोठे आहे ते विचारावे.

आता काही विशेष कपड्यांविषयी. आपल्याकडे कापसावर फवारणी होते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. विष नाकातोंडातून जाते तसे कातडीतूनही जाते आणि कपड्यावर बसून घरी येते. म्हणून फवारणीचे कपडे घरच्या मळक्या टोपलीत कधीही टाकू नयेत. त्यांची बादली निराळी. रबरी हातमोजे घालून ते त्याच दिवशी, बाकीच्या कपड्यांपासून वेगळे, साबणाने दोनदा धुवावेत आणि कडक उन्हात वाळवावेत. ते पाणी विहिरीजवळ, ओढ्यात किंवा जनावरांच्या हौदाजवळ जाऊ देऊ नये. कपड्यावर औषध थेट सांडले असेल तर तो कपडा पुन्हा वापरूच नये.

घरात खरूज शिरली, तर वैद्यकीय उपचार सर्वांनी एकाच वेळी घ्यावेत आणि त्याच दिवशी सर्वांचे कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुऊन उन्हात घालावेत. एकाचे आज आणि दुसऱ्याचे उद्या केले तर खरूज घरातल्या घरात फिरत राहते.

आणखी एक गोष्ट पुरुषांनी बोलू नये असे मानले जाते, म्हणूनच मी बोलतो. मासिक पाळीसाठी वापरलेले कापड आपल्या घरांतून लाजेपोटी गोठ्याच्या अंधारात, लुगड्याखाली झाकून किंवा माळ्यावर वाळवले जाते. ते दमट राहते, त्यात जंतू वाढतात आणि दुखणे बाईच्या अंगाला लागते. त्या कापडाला साबण, भरपूर पाणी आणि उघडे ऊन मिळाले पाहिजे. कोपरा लावताना त्यासाठी उन्हातली एक दोरी राखा. आडोसा हवा असेल तर दोरीभोवती तुराट्यांचा कूड करा, पण वरून ऊन पडू द्या. सासरे, दीर, मुलगे यांनी तिकडे पाहून न पाहिल्यासारखे करावे, एवढे सौजन्य आपल्याजवळ असायला हरकत नाही. शाळेतल्या बाईंनी मुलींना हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला जातात. कोपीत कसला आला ओटा? पण त्यांनीही दोन बादल्या, वीस हात नायलॉनची दोरी आणि तोटी लावलेले एक झाकणाचे पिंप गाडीत टाकावे. पाचटाच्या कुसळांनी भरलेले कपडे झटकून मगच भिजवावेत, पाणी कमी लागते. परत आल्यावर वाकळा धुण्याचा मोठा खटाटोप असतो. ओली वाकळ एकट्या बाईने कधी पिळू नये. दोघांनी दोन टोके धरावीत. त्यातले एक टोक नवऱ्याने धरले तर वाकळ अधिक चांगली पिळली जाते, हा माझा अनुभव आहे.

शेवटचा प्रश्न सांडपाण्याचा. गल्लीत सोडलेले धुण्याचे पाणी म्हणजे शेजाऱ्याशी भांडण आणि डासांना आमंत्रण. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी या गावाने घरोघर शोषखड्डे केले, उघडी गटारे बंद केली आणि डास हटवले. पुढे हाच प्रकार 'नांदेड पॅटर्न' म्हणून ओळखला गेला. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा. मधोमध सिमेंटची लहान टाकी, तिच्या वरच्या भागाला भोके. भोवती दगडगोटे. गाळ टाकीच्या तळाशी बसतो आणि वरचे पाणी भोकांतून जमिनीत मुरते. न्हाणीच्या तोंडाशी जाळी बसवावी, म्हणजे धागे आणि साबणाचे तुकडे खड्डा तुंबवणार नाहीत. जमीन मुरमाड असेल तर हा खड्डा उत्तम चालतो. चिकट काळ्या मातीत पाणी मुरत नाही. तेथे मुरूम लागेपर्यंत खोल जावे, नाहीतर पाणी परसातल्या केळीला, अळूला, कर्दळीला द्यावे. साबण-सोड्याचे पाणी रोज एकाच झाडाला घालू नये, माती खारवते. आळीपाळीने घालावे आणि मधून एखादी बादली गोडे पाणी द्यावे. पिण्याच्या विहिरीपासून खड्डा निदान पन्नास फूट दूर असावा.

मंडळी, या सगळ्याला खर्च किती? एखाद्या गवंड्याचे दोन दिवसांचे काम, चार फरश्या, एक तोटी, दोरी. खड्डा तर घरच्या माणसांनीच खणायचा. लग्नात मांडवावर जेवढे उधळतो, त्याच्या पासंगालाही हा खर्च पुरणार नाही. मग तो आजवर झाला का नाही? माझ्या घरी झाला नाही, याचे कारण मला ठाऊक आहे. ज्याच्या हातात पैसा होता त्याची पाठ दुखत नव्हती, आणि जिची पाठ दुखत होती तिने मागितले नाही.

संत गाडगेबाबा परीट कुळात 1876 साली जन्मले आणि 1956 साली गेले. गावाला उपदेश करण्याआधी बाबा हातात झाडू घेऊन गाव झाडीत, आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहात. आधी हात, मग तोंड, असा त्यांचा क्रम. माझा क्रम उलटा झाला. वीस वर्षे तोंड चालले आणि मनगट मोडले तेव्हा हात चालला. तेही मनगट माझे नव्हते.

आमच्या परसात आता ओटा आहे. त्याची उंची पत्नीच्या कोपराच्या मापाने घेतलेली आहे, त्यामुळे मला तो दोन इंच कमी पडतो. रविवारचे धुणे मी करतो तेव्हा थोडे वाकावे लागते. तिला म्हटले, "ओटा थोडा उंच हवा होता." ती म्हणाली, "असू द्या. वाकलेलं बरं असतं."

श्रोतेहो, उद्या सकाळी आपल्या घरचे धुणे चालले असेल तेव्हा दहा मिनिटे तेथे उभे राहा आणि खेपा मोजा. किती वेळा वाकावे लागते ते मोजा. दोरी की तार, ते पाहा. पुढे काय करायचे ते मग मी सांगावे लागणार नाही.